शुगर वाढण्याआधी शरीर काय दाखवतं?

लातूर जिल्ह्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे: "माझं वय 37. वडिलांना शुगर आहे. महिन्याभरापूर्वी गावातल्या शिबिरात बोट टोचून शुगर पाहिली. जेवून दोन तास झाले होते, 156 आली. तिथले म्हणाले, 200 च्या आत आहे, काळजी करू नका. दुसऱ्या बाळंतपणात शुगर थोडी वाढली होती, नंतर काही त्रास झाला नाही. मी अंगाने बारीकच आहे. दोन वर्षांपासून मान काळी पडत चालली आहे आणि दुपारी जेवल्यावर फार झोप येते. शुगर व्हायच्या आधी काही लक्षणं कळतात का? मला ती आहेत का?"

ताई, तुम्हाला झोपेची काळजी वाटते आहे. मी मात्र तुमचं पत्र वाचताना दोन वेगळ्या ठिकाणी थांबलो: मानेवर आणि दुसऱ्या बाळंतपणावर. दुपारच्या झोपेबद्दल पुढे लिहितो, पण ती नसती तरी मी तुम्हाला तपासणीला बोलावलंच असतं.

आधी आकडे. उपाशीपोटी शुगर 100 च्या खाली असेल तर ठीक, 126 किंवा जास्त असेल तर मधुमेह, आणि 100 ते 125 ही मधली पायरी. ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी 140 च्या खाली ठीक, 200 किंवा जास्त असेल तर मधुमेह, 140 ते 199 मधली पायरी. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी 5.7 ते 6.4 असेल तर मधली पायरी, 6.5 पासून मधुमेह. या मधल्या पायरीला प्रीडायबेटिस म्हणतात, आपल्याकडे 'बॉर्डरवर आहे' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची ही पायरी 110 पासून धरते, त्यामुळे 104 चा रिपोर्ट एक डॉक्टर नॉर्मल म्हणतो आणि दुसरा बॉर्डरवर. दोघांपैकी कुणी फसवत नसतं. तुमची 156 बोटातल्या रक्ताची आणि जेवणानंतरची आहे, त्यावरून निदान करता येत नाही. पण '200 च्या आत म्हणजे ठीक' हेही बरोबर नाही. निरोगी माणसाची शुगर जेवून दोन तासांनी बहुतेक वेळा 140 च्या खाली आलेली असते.

आता लक्षणं. ज्याला आपण त्रास म्हणतो, म्हणजे सारखी तहान, रात्री चार वेळा लघवीला उठणं, वजन उतरणं, यातलं या पायरीवर काहीही नसतं. गावाकडची जुनी खूण म्हणजे लघवीला मुंग्या लागणं. ती खोटी नाही, पण फार उशिराची आहे. रक्तातली शुगर साधारण 180 च्या वर गेली तरच मूत्रपिंड ती लघवीत सोडतं. लघवीत साखरच उतरत नसेल तर मुंग्या कशाला येतील? आणि लघवी वाढत नाही म्हणून तहानही वाढत नाही. "मला काहीच होत नाही, मग शुगर कशी असेल?" हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतं. त्यांचं म्हणणं खरं असतं, त्यांना खरंच काही होत नसतं. या पायरीच्या खुणा अंगावर पाहाव्या लागतात, घरात विचाराव्या लागतात आणि जुन्या कागदांत शोधाव्या लागतात.

आत काय चालतं ते शेतातल्या भाषेत सांगतो. घरावरची टाकी रोज भरलेली दिसते. पण बोअरचं पाणी खाली गेलंय. पूर्वी मोटार अर्धा तास चालवली की टाकी भरायची, आता तीच टाकी भरायला दोन तास लागतात. टाकीकडे पाहून काही कळत नाही, मोटारीवर हात ठेवला तर ती तापलेली लागते. स्वादुपिंडाचं असंच होतं. पोटात, यकृतात आणि स्नायूंत चरबी साठली की इन्शुलिनचा परिणाम कमी होतो, मग तेवढीच शुगर आटोक्यात ठेवायला स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्शुलिन सोडतं. कित्येक वर्षं रिपोर्ट चांगला येतो. शेवटी मोटार दमते आणि शुगर चढू लागते.

तापलेल्या मोटारीची सगळ्यात ठळक खूण तुमच्या मानेवर आहे. रक्तात इन्शुलिन जास्त राहिलं की ते त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं. मानेच्या मागे आणि बाजूंना, काखेत, जांघेत, कधी बोटांच्या सांध्यांवर त्वचा काळपट, जाडसर, हात लावला तर मखमलीसारखी लागते. सोबत मानेवर बारीक, मऊ, लोंबत्या चामखिळी येतात. बायका याला मळ समजतात. वीस-बावीस वर्षांच्या मुली माझ्याकडे सोललेली मान घेऊन येतात, कारण आईने दगडाने घासलेली असते. "लई घासलं बगा, निघंनाच." ते निघणार नाही, तो मळ नाहीच. लग्न ठरत नाही म्हणून गोरं करणारी क्रीमं लावतात, त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं आणि कातडी आणखी बिघडते. उन्हाने रापलेली त्वचा आणि ही त्वचा यात फरक आहे: उन्हाने काळं झालेलं उघड्या भागावर असतं आणि गुळगुळीत असतं, काखेत ऊन लागत नाही. तुमच्या काखा पाहा. तिथेही तसंच असेल तर माझा संशय आणखी वाढेल. शाळेत जाणाऱ्या, पोट सुटलेल्या मुलांची मानही याच नजरेने पाहत जा. पूर्वी हे मोठ्या माणसांत दिसायचं, आता बारा-तेरा वर्षांच्या पोरांत दिसतं.

दुसरी गोष्ट बाळंतपणातली शुगर. ती 'नंतर बरी झाली' असं सगळ्याच म्हणतात. वार बाहेर पडली की शुगर उतरते, कारण वारेतून येणारी हार्मोन्स थांबतात. पण गरोदरपण ही स्वादुपिंडाची परीक्षाच असते, आणि त्या परीक्षेत तुमचं स्वादुपिंड कमी पडलं होतं. अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या सात ते दहा पट असतो. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत ग्लुकोज पिऊन पुन्हा तपासणी करायची, आणि मग दर एक ते तीन वर्षांनी, आयुष्यभर. प्रत्यक्षात सहाव्या आठवड्यात बाई माहेरी असते, बाळाच्या लसीकरणाकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि आईची शुगर कुणाच्या आठवणीतही नसते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ज्या बाईला पंधरा वर्षांनी काय होऊ शकतं हे आधीच कळलेलं असतं, तिलाच आपण सोडून देतो. तुमचं माता-बाल संरक्षण कार्ड जपून ठेवलं असेल तर शोधून काढा आणि त्यावरचा आकडा पाहा.

आता 'मी बारीकच आहे' याबद्दल. मराठवाड्यात हा गैरसमज फार खोल आहे, कारण आपल्याकडची माणसं काटक दिसतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे आयुष्यभर अभ्यासलं. 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा स्वतःचा आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापून आला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, 22.3. पण शरीरातली चरबी इंग्रज माणसात 9.1 टक्के आणि डॉ. याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, असा माणूस तुम्हाला प्रत्येक एसटी स्टँडवर दिसेल.

याचं मूळ बऱ्याचदा आईच्या पोटात असतं. गर्भात अन्न कमी पडलं की बाळाचे स्नायू कमी वाढतात, चरबी मात्र राखली जाते. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, तेव्हा जी मुलं पोटात होती त्यांना मोठेपणी शुगर नीट पेलत नाही असं दिसलं. 1972 चा दुष्काळ आपल्या आईवडिलांनी भोगलाय. मिलो नावाच्या परदेशी ज्वारीवर आणि सुकडीवर दिवस काढत, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या गरोदर बायकांची ती लेकरं आज पन्नाशीच्या पुढे गेली आहेत. मी 1972-73 चा जन्म ऐकला की माणूस कितीही बारीक असो, शुगर तपासतो. तुमचं स्वतःचं जन्माचं वजन अडीच किलोच्या आत होतं का, हे आईला विचारून पाहा. वजनाचा आकडा नसेल तर 'लई किडकिडीत होतीस' एवढंही मला पुरतं.

म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप घ्या, शिंप्याकडचा चालेल. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपड्यावरून नाही, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. बाईची कंबर 80 सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच, पुरुषाची 90 म्हणजे साडेपस्तीस इंच, याच्या वर गेली तर पोटात चरबी आहे. पँटचा नंबर सांगू नका. पुरुष पँट पोटाच्या खाली बांधतात आणि वीस वर्षं "माझी कंबर 34 च आहे" म्हणतात.

चेन्नईच्या डॉ. मोहन यांनी 2005 साली मधुमेहाच्या धोक्याचा साधा हिशेब काढून दिला, तो मला आवडतो कारण त्याला रक्त लागत नाही. वय 35 ते 49 ला 20 गुण, 50 च्या पुढे 30. बाईची कंबर 80 ते 89 असेल तर 10, 90 च्या पुढे 20. पुरुषाला कमरेचे हेच आकडे दहा-दहाने वर धरायचे. आईवडिलांपैकी एकाला शुगर असेल तर 10, दोघांना असेल तर 20. कष्टाचं काम आणि व्यायाम दोन्ही असेल तर 0, एकच असेल तर 20, दोन्ही नसेल तर 30. बेरीज 60 झाली की धोका जास्त. ताई, तुमचे वयाचे 20 आणि वडिलांचे 10 आधीच झाले. कंबर 82 निघाली आणि घरकामापलीकडे हालचाल नसेल तर तुम्ही 60 च्या पुढे गेलात, आणि यात मान आणि बाळंतपण अजून धरलेलंच नाही. असेच प्रश्न आशाताई घरी येऊन तीस वर्षांवरच्या सगळ्यांना विचारतात आणि फॉर्म भरतात. तो फॉर्म टाळू नका, उपकेंद्रात पुढची तपासणी फुकट होते.

बाकीच्या खुणा जुन्या रिपोर्टांत सापडतात. पोटदुखीसाठी कधी सोनोग्राफी केली असेल आणि खाली 'फॅटी लिव्हर ग्रेड 1', म्हणजे यकृतात चरबी, लिहिलं असेल तर ती ओळ मोलाची आहे. रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी 150 च्या वर, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल बाईत 50 च्या आणि पुरुषात 40 च्या खाली, तरुण वयात बीपी, पाळी दोन-तीन महिने लांबणं आणि हनुवटीवर राठ केस, रात्री मोठं घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं, ही सगळी एकाच गोतावळ्यातली माणसं आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांपैकी अनेकींची गर्भपिशवी फार कमी वयात काढली गेली. त्यासोबत अंडाशयही काढले असतील तर त्या बाईची शुगर आणि हाडं दोन्ही लवकर तपासायला हवीत.

एक वेगळीच खूण औषधांची. गुडघे दुखतात म्हणून गावोगाव बिनानावाच्या पुड्या मिळतात, दोन दिवसांत जादू होते. त्यांत कधी कधी स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडमुळे शुगर, विशेषतः दुपारनंतरची, चढते. पुडी, गोळ्या किंवा वारंवार घेतलेली इंजेक्शनं, जे काही असेल ते डॉक्टरांना खरं सांगा. पण बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं.

आणि ती दुपारची झोप. जेवून झोप येणं हे शुगरचं लक्षण म्हणून फार पसरलंय. 42 अंशांच्या उन्हात, पहाटे पाचला उठून, ताटभर भात-वरण खाल्ल्यावर कुणालाही झोप येईल. बाईमाणसात मी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघतो. पायाला मुंग्या येत असतील आणि तुम्ही शाकाहारी असाल तर बी-12 बघतो. शुगर त्यांच्यासोबत तपासायची, त्यांच्याऐवजी नाही.

आता तपासणी नीट कशी करायची, कारण इथे फार चुका होतात. उपाशीपोटी म्हणजे आठ तास पाण्याशिवाय काही नाही. "नुसता चहाच घेतला" हे उपाशीपोटी होत नाही. आदल्या तीन दिवसांत नेहमीसारखं जेवा, तपासणीच्या भीतीने भाकरी बंद करू नका, नाहीतर आकडा खरा येत नाही. उपाशीपोटी रक्त दिल्यावर 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाच मिनिटांत प्यायचं आणि दोन तास बसून राहायचं. मधल्या वेळात बाजार करून येऊ नका. ही तपासणी मी तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण आपल्या लोकांत उपाशीपोटीची शुगर चांगली आणि नंतरची वाढलेली असं पुष्कळदा दिसतं. नुसती उपाशीपोटी केली तर 94 येईल आणि तुम्ही पेढे वाटाल.

रक्त कशात घेतात तेही बघा. शुगरसाठी करड्या टोपणाची, फ्लोराइड असलेली बाटली लागते. साध्या बाटलीत रक्तातल्या पेशी साखर खातच राहतात आणि दर तासाला शुगर पाच ते सात टक्क्यांनी उतरते. तुमच्या गावात सकाळी सातला घेतलेलं रक्त मोटारसायकलच्या डिकीतून अकराला शहरात पोचलं, तर 118 ची 95 झालेली असू शकते. जमलं तर लॅबमध्ये स्वतः जाऊन रक्त द्या.

एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही म्हणून ती सोयीची, पण आपल्या बायकांत एक अडचण आहे. लोह कमी असल्यामुळे रक्त कमी झालं असेल तर हा आकडा खोटा वाढू शकतो. 9 हिमोग्लोबिन असलेल्या बाईची एचबीएवनसी 6.1 आली म्हणून तिला लगेच बॉर्डरवरची ठरवू नये. उलट किनवट-माहूरकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो, तिथे हाच आकडा खोटा कमी येऊ शकतो. रक्त चढवलं असेल तरीही भरवसा नाही. म्हणून हिमोग्लोबिन सोबत हवंच.

मी हे इतकं लांबवून सांगतो याला कारण आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक शिक्षक माझ्याकडे आले होते. उपाशीपोटी 114. मी म्हणालो, बॉर्डरवर आहे, गोड कमी करा. कंबर मोजली नाही, पुन्हा कधी यायचं ते सांगितलं नाही. सात वर्षांनी ते आले ते अंगठ्याला न भरणारी जखम घेऊन, शुगर 300 च्या वर. त्यांना माझ्याबद्दल तक्रार नव्हती, 'डॉक्टरांनी सांगितलं होतं काही नाही' एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्या दिवसापासून 'बॉर्डरवर' हा शब्द मी पुढची तारीख लिहून दिल्याशिवाय उच्चारत नाही.

तारीख द्यायची कारण या पायरीवरून मागे फिरता येतं. 2006 साली चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी बॉर्डरवरच्या 531 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना विशेष काही सांगितलं नव्हतं त्यांच्यातल्या 100 पैकी 55 जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी चालणं आणि खाणं बदललं त्यांच्यात 39 जणांना. सगळे वाचले नाहीत हे खरं, पण शंभरात सोळा घरं वाचली.

तुम्ही बारीक आहात, म्हणून उपाशी राहून वजन उतरवण्याच्या मागे लागू नका. तुम्हाला स्नायू हवेत. दोन्ही जेवणांनंतर पंधरा-वीस मिनिटं चाला, आठवड्यात दोन-तीनदा उठाबशा, जिने, पाण्याच्या घागरी, जे वजन उचलता येईल ते. ज्वारीची भाकरी चांगलीच आहे, पण तीही पिठाचीच असते. तीनची दीड करा आणि ताटात वरण, मटकी, दही, अंडं, पालेभाजी वाढवा. सहा कप चहातली दोन-दोन चमचे साखर मोजली तर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास जाते. उपवासाला साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्या दिवशी दही, शेंगदाणे आणि फळ बरं. जांभळाच्या बियांची पूड घ्यायची तर घ्या, पण तिच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नका. आणि वडिलांच्या डब्यातली मेटफॉर्मिनची गोळी घेऊ नका. बाळंतपणात शुगर झालेल्या बाईला ती कधी कधी द्यावी लागते, पण ते तुमचे डॉक्टर रिपोर्ट पाहून ठरवतील.

येत्या पंधरा दिवसांत उपाशीपोटी आणि ग्लुकोजनंतर दोन तासांची शुगर, एचबीएवनसी, हिमोग्लोबिन आणि रक्तातल्या चरबीची तपासणी करा. बीपी आणि कंबर मोजून घ्या. सगळं चांगलं आलं तरी पुढच्या वर्षी याच महिन्यात पुन्हा करा. तुमच्या पाठच्या भावंडांनाही सोबत घेऊन जा, वडील त्यांचेही आहेत. रिपोर्ट हातात आले की मला आकडे कळवा, आणि काखा कशा आहेत तेही लिहा.